चित्रातली तार

अर्धा तास चित्र न्याहाळून झाल्यावर गोटीरामकाका म्हणाले, "बाकी सगळं जमलंय. तार राहिली."

ओटीवरच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं ते चित्र चार फूट रुंद होतं. नासर्डीकाठची त्यांची बंद तेलगिरणी त्यात उतरली होती. मधोमध बॉयलरचं काळं पोट, त्याला टेकलेली लोखंडी शिडी, छपराच्या फाटक्या पत्र्यातून तिरकं आलेलं ऊन आणि बॉयलरच्या माथ्यावर ती झडप. आत वाफेचा दाब वाढला की आपोआप उचलायची आणि जादा वाफ बाहेर सोडायची, एवढंच तिचं काम. पण तिचा लांब दांडा मागे गेलेला आणि त्याच्या टोकाला वजन लोंबत असलेलं, त्यामुळे ती शेपूट सोडून बसलेल्या मारुतीसारखी दिसायची. घरात तिला कोणी झडप म्हणत नसे, मारुतीच म्हणत. आणि दरवर्षी खंडेनवमीला हत्यारं-अवजारांची पूजा होई तेव्हा तिला शेंदूर लागे.

पंधरा वर्षांपूर्वी, सन एकवीसची खंडेनवमी होऊन चौथ्या दिवशी, ही झडप उघडलीच नाही. बॉयलरची शिवण फाटली. काय बिघडलं ते बघायला शिडीपाशी आलेले काकांचे धाकटे भाऊ झिपरू, म्हणजे हे चित्र काढणाऱ्या पुंजाचे वडील, त्या वाफेत भाजून गेले. बॉयलरवर कामाला असलेल्या कादरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीला आलेल्या साहेबापुढे गोटीरामकाकांनी जबानी दिली, की दांडा तारेने बांधून ठेवलेला होता; वाफ सुटली की पुन्हा कोळसा घालावा लागतो, तो त्रास वाचवायला आळशी माणसं असं करतात. साहेबाने तसंच लिहून घेतलं. गिरणी तेव्हापासून बंद, आणि कादरला त्यानंतर नाशकात कुठल्याही बॉयलरपाशी कोणी उभं केलं नाही.

आता दसरा झाला की बॉयलर तोडायला माणसं येणार होती. काकांचा थोरला, बहिरू, त्या जागेवर उतारूंच्या सर्व्हिस मोटारींची शेड घालणार होता. त्याला काकांची हरकत नव्हती. फक्त गिरणी गेली तरी तिचं चित्र घरात राहावं, आणि घात कोणी केला तेही पुढच्या पोराबाळांना दिसावं, म्हणून त्यांनी पुतण्याला हे काम सांगितलं होतं.

"काका, मी गेलो तेव्हा तार नव्हती," पुंजा म्हणाला.

"आज नसेल. तेव्हा होती."

"मी तेव्हाचं काढलेलं नाही. श्रावणातल्या चार रविवारी तिथे बसून जे दिसलं, ते काढलंय."

बहिरू दाराच्या चौकटीला रेलून उभा होता. चुलतभावाच्या या छंदाची त्याला कायम गंमत वाटे. पुंजा शाळेत चित्रकलेचा मास्तर. गावातले बाकीचे चितारी घाट काढत, देवळं काढत. हा मात्र सुट्टीच्या दिवशी वही काखेत मारून बंद पडलेल्या ट्रामच्या शेडमध्ये जाऊन बसे, नाहीतर इगतपुरीच्या घाटात चुन्याची विझलेली भट्टी शोधत हिंडे. "सगळ्या जगाला रामकुंड दिसतं, याला गंज दिसतो," असं बहिरू पाहुण्यांना सांगे. आताही तो म्हणाला, "अरे, दोन इंचाची रेघ मारायची. पोरांच्या वहीत चुका दाखवायला रोज शंभर रेघा मारतोस की."

पुंजा हसला, पण त्याला ती रेघ मारवेना. त्याची एक रीत होती. जागेवर पेन्सिलीने काढायचं, कडेला रंगांची आणि उन्हाची टिपणं लिहायची. घरी आल्यावर रंग चढवताना त्या टिपणात नाही ते चित्रात घालायचं नाही. एकदा का आठवणीने भरायला लागलं, की भिंती आपोआप सरळ होतात, गंज गोड दिसायला लागतो, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

माजघराच्या दारातून त्याच्या आईचा, कुसाबाईचा आवाज आला. दिंडोरीकडची ही बाई लग्न होऊन आली त्या दिवसापासून थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलली नव्हती. काही सांगायचं असलं की जावेला मधे घाले. आताही ती सिंधुबाईंकडे बघत म्हणाली, "बाई, भाऊजींना सांगा, तार काढून देईल तो. माझं कुंकू त्या तारेनं पुसलं. ती दिसायलाच पायजे."

उद्या पूजा झाल्यावर चित्र पुरं करून देतो, असं सांगून पुंजा ते आपल्या खोलीत घेऊन गेला.

तार काढायची तर ती बांधली कुठे होती हे कळायला हवं. त्याने वही उघडली. झडपेचं पान त्याने पाचदा काढलं होतं, शिडीवर चढून, अगदी हातभर अंतरावरून. पंधरा वर्षं गंजत पडलेल्या लोखंडाला कधीकाळी तार करकचून आवळली असेल, तर तिचा वळ कुठेतरी राहणारच. पाचही चित्रांत दांड्यावर असा वळ नव्हता. खाली बारीक अक्षरांत टिपण होतं: 'सकाळी साडेनऊ. ऊन डावीकडून. दांडा ज्या खिळीवर फिरतो ती दिसत नाही, शेंदराने बुजलेली. शेंदूर वर मऊ, आत दगड?'

प्रश्नचिन्ह त्याचंच होतं. तेव्हा घातलं आणि विसरून गेला.

शेजारी शिंपल्यात परवा कालवलेला शेंदूर पडला होता. झडपेचा रंग हुबेहूब यावा म्हणून त्याने नळीतला तांबडा न वापरता पूजेच्या दुकानातून पुडी आणली होती आणि नेहमीसारखी जवसाच्या तेलात घोटली होती. त्याने सुरीने तो ढवळायला घेतला. सुरी शिरली नाही. जोर केला तशी ती वाकली, आणि शिंपला सुरीसकट वर उचलला गेला.

यात नवल काहीच नव्हतं. जवसाचं तेल वाळतं, म्हणून तर चितारी ते वापरतात. आणि शेंदूर मिसळला की ते फारच लवकर आवळून येतं. नवल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. देवळातला शेंदूर कधीच वाळत नाही. पिढ्यान् पिढ्या लावत आले तरी बोट टेकवलं की बोटाला येतो. मग मारुतीचा शेंदूर आत दगड कसा?

तो शिंपला हातात घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेला. सिंधुकाकू उद्याची तयारी करत होत्या. ताटात हळद, कुंकू, नारळ, आणि मोठ्या वाटीत शेंदूर. आई आजारी असायची तेव्हा पुंजाचं सगळं याच काकूंनी केलं होतं. तो पाटावर बसला आणि शेंदूर कशात कालवता म्हणून त्याने विचारलं.

"तिळाच्या तेलात. अजून कशात?"

"नेहमी तिळाच्याच?"

"माझ्या सासूबाईंपासून." त्यांनी वाटीत बोट फिरवलं, आणि मग जरा हसल्या. "एक वर्ष तेवढं सोडून. तुझ्या बापाने गिरणीत नव्यानेच जवस घालायला सुरुवात केली होती. मुंबईचे रंगवाले मागायला लागले होते ना. पहिल्या घाण्याचं तेल तांब्या भरून घेऊन आला आणि म्हणाला, वहिनी, यंदा मारुतीला आपल्या घरचं तेल. मी म्हटलं, होऊ दे. किती हौस त्याला." त्यांचं बोट थांबलं. "त्याच्या हातची शेवटचीच पूजा ती."

पुंजाने शिंपला पाठीमागे धरला. त्याला पुढचं सगळं दिसत होतं, अगदी पायरी पायरीने. पूजेसाठी थंड केलेला बॉयलर. घरातला सर्वांत धाकटा मुलगा शिडीवर चढून शेंदूर फासणार, ही रीत. आणि त्या साली तो धाकटा मुलगा म्हणजे नऊ वर्षांचा पुंजा. वडिलांनी मागून कमरेला धरलं होतं, आणि त्याने हौसेने ओंजळभर शेंदूर मारुतीच्या बुडाशी, कडेने, खिळीच्या भोकात, जिथे जिथे बोट जाईल तिथे भरला होता. मग विस्तव पेटला आणि खालून ऊब लागली. एवढ्याने लोखंड डकलं असेल?

एकच शंका राहिली. झडप अडकली आहे हे कळायला तीन-चार दिवस लागायला नको होते. बॉयलरवरचा माणूस रोज दांडा उचलून बघतो, असं त्याने ऐकलं होतं.

काकूंना त्याने काही सांगितलं नाही. कादरचाचा आता मुलगा नियाजबरोबर चौक मंडईत भांड्यांना कल्हई करत. पुंजाने संध्याकाळी जाऊन नियाजकडे निरोप ठेवला, की चित्रासाठी दांड्याचं थोडं विचारायचं आहे, उद्या दहाच्या सुमारास गिरणीवर आलात तर बरं होईल. येतील याची त्याला खात्री नव्हती.

खंडेनवमीला सकाळी दोन टांग्यांतून सगळे गिरणीवर गेले. बहिरूने आधीच माणूस लावून गवत कापून घेतलं होतं. बायकांनी बॉयलरपुढे जागा सारवली, काकांनी नारळ हातात घेतला. तेवढ्यात पुंजा शिडी चढला. त्याच्या हातात ताट नव्हतं, रंगाची सुरी होती.

"पुंजा, काय करतोस?" काका म्हणाले.

"बघतोय, काका."

"पूजेआधी देवाला सुरी लावतोस? खाली उतर."

तो उतरला नाही. पहिले थर लोण्यासारखे निघाले. बंद गिरणीतही घरच्यांनी रीत सोडली नव्हती, ते हे चौदा वर्षांचे थर. तिळाचे, मऊ, धूळ बसलेले. त्याच्याखाली सुरी खण्ण वाजली. त्याने टोकाने ठोकून नखाएवढा टवका काढला. त्याच्याखाली पुन्हा भुसभुशीत, काजळलेला भुगा होता. म्हणजे कडक थर एकच. तो खिळीच्या भोकात घट्ट बसला होता आणि झडपेच्या कडेने अखंड गेला होता, भांड्यावर झाकण लिंपून घ्यावं तसा.

खाली येऊन त्याने टवका आणि शिंपल्यातला सुकलेला गोळा शेजारी शेजारी काकांच्या तळहातावर ठेवला. हा परवाचा, हा एकवीस सालचा, एवढं सांगितलं. मग तेलाचं सांगितलं. काकूंचं नाव न घेता सांगायचं त्याने रात्री ठरवलं होतं, पण तसं सांगता येत नव्हतं, कारण तेल कोणी कालवलं हे सगळ्यांनाच माहीत होतं.

बहिरूने टवका उचलला, नखाने दाबला, दाताखाली धरून पाहिला. कालपर्यंत तो वडिलांच्या बाजूचा होता. आता टवका परत ठेवताना हळूच म्हणाला, "बाबा, एवढं घट्ट बसल्यावर तार बांधायची गरज काय?"

"तुला काय कळतं त्यातलं," काका म्हणाले, पण त्यांची मूठ मिटली नव्हती.

त्याच वेळी फाटकापाशी कादरचाचा आणि नियाज येऊन उभे राहिलेले पुंजाला दिसले. आत यावं की नाही, असे ते घुटमळत होते. पुंजाने जाऊन त्यांना आणलं. कुसाबाईने पदर पुढे ओढून पाठ फिरवली. काका या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

पुंजाने टवका कादरचाचांच्या हातात दिला. भाजलेल्या कातडीमुळे त्यांची बोटं नीट वळत नसत. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठ्याने घासला आणि वास घेतला.

"हा तर सांध्याचा मसाला आहे," ते म्हणाले.

"कसला मसाला?"

"पाइपाला पाइप जोडतो ना आम्ही, त्या सांध्यात भरायचा. शेंदूर आणि जवसाचं तेल. एकदा बसला की वाफेच्या बापाला फुटत नाही, छिन्नीने काढावा लागतो." त्यांनी वर झडपेकडे पाहिलं. "मी माझ्या हाताने किती सांधे भरले याने. पण हा देवाचा होता. मसाला म्हणून बघितलंच नाही कधी याच्याकडे."

"चाचा, तुम्ही रोज दांडा उचलून बघत नव्हता?"

"रोज. सकाळी उचलायचा, फुस्स झालं की समजायचं, झडप जिवंत आहे. फक्त नवमी ते कोजागिरी नाही. तेवढे दिवस देवाला हात लावायचा नाही, असं तुमच्याकडे होतं. दरवर्षी मी पाळायचो, आणि दरवर्षी वाफ आपली आपण सुटायची. त्या दिवशी दाबाचा काटा चढत गेला, ही सुटेना. मी विस्तव बाहेर ओढायला लागलो आणि झिपरूशेठना हाक मारली."

"हे चौकशीत का नाही सांगितलं?"

कादरचाचांनी एकदा पाठमोऱ्या कुसाबाईकडे पाहिलं. "हात लावू नकोस, हे मला झिपरूशेठनीच सांगितलेलं. म्हणाले, कादर, घरच्यांना बरं वाटतं, तेवढे दिवस सांभाळ. त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. साहेबापुढे त्यांचं नाव कसं घेणार? तार बांधली नाही, एवढं खरं होतं. तेवढं सांगितलं."

सिंधुकाकू सारवलेल्या जागेवर ओलं असतानाच खाली बसल्या. त्यांनी मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवले होते आणि त्यांच्याकडेच बघत होत्या. उजव्या हाताचं मधलं बोट आजच्या शेंदराने तांबडं होतं.

"मी कालवला," त्या म्हणाल्या.

"आणि लावला मी," पुंजा त्यांच्या शेजारी बसत म्हणाला. "भोकाभोकांत भरला. तेल बाबांनी आणलं. आणि चाचांनी हात लावला नाही, कारण आपण सांगितलं होतं. काकू, यात चुकीचं वागायचं म्हणून कोणी वागलंच नाही."

कुसाबाई त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. तिने जावेच्या खांद्यावर हात ठेवला. पुंजाला वाटलं, आता ती नेहमीप्रमाणे काकूंनाच काहीतरी सांगेल. पण तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा थोरल्या दिरांकडे सरळ पाहिलं.

"भाऊजी, तार होती का?"

काकांनी मान वर केली. सुनेने, भावजयीने असं तोंडावर विचारलेलं त्या घरात कोणी पाहिलं नव्हतं. बहिरू पायाने माती उकरू लागला.

"होती," काका म्हणाले.

"दांड्याला बांधलेली होती का?"

फाटक्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. काकांनी नारळ बॉयलरच्या चौथऱ्यावर ठेवला.

"खाली पडलेली होती. शिडीशी. डब्यांच्या खोक्यांना आवळतात तसली." त्यांनी शिडीच्या बुडाकडे बोट दाखवलं. "झिपरू समोर पडलेला. कोणी काही केल्याशिवाय असं होईलच कसं, असं वाटलं. तार दिसली. मग ती बांधलेली होती, असंच वाटायला लागलं. अजूनही डोळे मिटले की मला ती बांधलेलीच दिसते."

हे शेवटचं ते खोटं बोलत नव्हते, हे पुंजाला कळलं. आठवणीने भरलेलं चित्र असंच असतं.

"मग पुंजा, ती काढू नको," कुसाबाई म्हणाली. काकांनी मान हलवली. हलवली, एवढंच, पण सगळ्यांना दिसेल अशी.

कुसाबाई कादरचाचांकडे वळली. पंधरा वर्षं रस्त्यात दिसले तर ती पलीकडच्या बाजूने जायची. "कादरभाई, तुमचा रोजचा दांडा हाय ना तो? वर चढा अन् उचलून बघा."

"अगं, पूजा व्हायचीय," सिंधुकाकू सवयीने पुटपुटल्या.

"व्हायचीय ना? मग आत्ता हात लावायला बंदी नाय."

नियाजने वडिलांकडे पाहिलं. पुंजाने वही उघडून मांडीवर घेतली आणि पेन्सिलीचं टोक तपासलं. माणूस शिडीवर असताना ही झडप त्याने एकदाही काढली नव्हती. कादरचाचा शिडीपाशी गेले, पहिल्या पायरीवर पाय ठेवता ठेवता थांबले, आणि मागे येऊन त्यांनी वहाणा काढल्या.